अकरा साठमधून वजा करू नका

जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा पाचवीतली मुलं देतात. ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले ४० प्रश्न आणि ५० गुण, म्हणजे अर्धा पेपर, नुसत्या आकृत्यांचा असतो. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा निवडा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा, मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधा. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतही हेच प्रश्न थोड्याफार फरकानं भेटतात. जळगाव असो की धुळे, अमळनेर, शिरपूर, चाळीसगाव, कुठल्याही शिकवणीत जाऊन बसलं की या प्रश्नांची तयारी कशी होते ते कळतं. आरशातल्या घड्याळाचा प्रश्न आला की ११ वाजून ६० मिनिटांतून दिलेली वेळ वजा करायची. आरशात न बदलणाऱ्या इंग्रजी अक्षरांची यादी तोंडपाठ करायची. रंगवलेल्या घनाचे तुकडे विचारले तर सूत्रात आकडा घालायचा. उत्तर बिनचूक येतं, वेळ वाचते, निकालाच्या दिवशी फ्लेक्सही लागतो.

फक्त एक गोष्ट होत नाही. मुलानं ते घड्याळ मनात उलटं करून पाहिलेलंच नसतं. आणि परीक्षेला नेमकं तेवढंच तपासायचं होतं.

घरात किंवा वर्गात एखादं हुशार मूल आहे आणि पुढे त्यानं विज्ञानाकडे जावं असं ज्यांना वाटतं, त्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आकृत्यांचा हा भाग मार्क मिळवण्याची सोपी जागा नाही, विज्ञान शिकण्याच्या मुळाशी असलेली ती एक स्वतंत्र शक्ती आहे. ती युक्त्यांनी वाढत नाही. हातानं, डोळ्यांनी, उन्हात उभं राहून वाढते, आणि त्यासाठी लागणारं साहित्य खानदेशात पैशाला पासरी आहे.

या शक्तीला अवकाशीय विचारक्षमता म्हणतात. वस्तू डोळ्यांसमोर नसताना ती मनात धरता येणं, फिरवता येणं, कापून आतलं बघता येणं, दुसऱ्याच्या जागेवरून ती कशी दिसेल हे कळणं, हे सगळं त्यात येतं. हे ‘मनात फिरवणं’ कविकल्पना नाही. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही वस्तू एकच आहेत का, असं विचारलं. दोन आकृत्यांमध्ये जितक्या जास्त अंशांचा फरक, तितका उत्तराला जास्त वेळ, आणि तोही अगदी सरळ प्रमाणात. जणू माणूस हातातली वस्तू खरोखरच एका ठरावीक वेगानं वळवत होता.

आता विज्ञानाचं पुस्तक उघडा. ऋतू का होतात? चुंबकीय क्षेत्रात तारेवर बल कोणत्या दिशेला लागतं? हृदयाचा उभा छेद आणि आडवा छेद यांत एकच कप्पा दोन तऱ्हांनी का दिसतो? अकरावीत गेल्यावर कार्बनच्या चार बंधांची रचना, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले रेणू, त्रिमितीय भूमिती. प्रत्येक ठिकाणी सपाट कागदावरच्या रेषांमधून मनात एक जाडी-खोली असलेली वस्तू उभी करावी लागते. दहावीला पंच्याण्णव टक्के घेतलेलं मूल अकरावीत अचानक गडबडतं, किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये अडकतं, तेव्हा घरी ‘अभ्यास कमी पडला’ असा निवाडा होतो. बऱ्याचदा अभ्यास भरपूर झालेला असतो. त्याच्या पाठांतरानं आणि भाषेनं इतकी वर्षं ही उणीव झाकून ठेवलेली असते.

उलटी बाजू मला जास्त टोचते. ही शक्ती भरपूर असलेली, पण बोलण्या-लिहिण्यात मागे असलेली मुलं आपल्या हुशारीच्या व्याख्येत बसतच नाहीत. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली असामान्य बुद्धीची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायचं काम सुरू केलं. त्यांची चाचणी भाषेकडे झुकलेली होती. निवडीत न बसलेल्या दोन मुलांची नावं पुढे जगाला कळली: विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. टर्मन यांच्या निवडलेल्या यादीतून एकही नोबेल निघालं नाही.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण १९६० मध्ये अमेरिकेतल्याच सुमारे चार लाख विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन पुढे त्यांचा माग ठेवला गेला होता. त्या माहितीचा नव्यानं अभ्यास करून जोनाथन वाय, डेव्हिड लुबिन्स्की आणि कॅमिला बेनबो यांनी २००९ मध्ये दाखवलं की विज्ञान-तंत्रज्ञानात पुढे पीएच.डी. झालेल्यांपैकी ४५ टक्के जण शाळकरी वयात अवकाशीय क्षमतेत वरच्या ४ टक्क्यांत होते. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. या क्षमतेत अव्वल १ टक्का असलेल्यांपैकी ७० टक्के मुलं फक्त गणित आणि भाषा पाहून अव्वल १ टक्का निवडणाऱ्या शोधमोहिमेतून निसटली असती. म्हणजे दहातली सात.

खानदेशात हे निसटणं आणखी सोपं आहे. धुळ्याकडच्या मुलाच्या घरी अहिराणी, यावल-रावेरकडे तावडी आणि लेवा बोली, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी. शाळेत मात्र प्रमाण मराठी, आणि आता गल्लोगल्ली इंग्रजी. उत्तर माहीत असूनही ते ‘पुस्तकातल्या भाषेत’ सांगता न आल्यामुळे मागच्या बाकावर गेलेली मुलं प्रत्येक शिक्षकाला आठवतील. नवोदयच्या अर्ध्या पेपरात वाक्यं नाहीत याचं मोल इथे कळतं. बोलीत वाढलेल्या मुलाला तो अर्धा पेपर बरोबरीच्या मैदानावर आणतो. तिथंही आपण युक्त्यांची यादी नेली, तर शिकवणीची फी भरू शकणाऱ्याला फायदा आणि खऱ्या देणगीच्या मुलाला तोटा, असं होतं.

असं मूल ओळखायचं कसं? पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेनं प्रज्ञावंत मुलांच्या निवडीसाठी मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम अनेक दशकं केलं आहे. चाचणी करायची झालीच तर अशाच जाणत्या ठिकाणी करावी. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांना दारात उभं करू नये. पण त्याआधी नुसतं बघा. वाट सांगताना हे मूल शब्दांऐवजी हात वापरतं का? एकदा गेलेला रस्ता उलट्या दिशेनं बिनचूक येतं का? गणिताचं उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, असं होतं का? बिघडलेला मिक्सर उघडल्यावर स्क्रू कुठला कुठे होता हे त्याच्या ध्यानात राहतं का? चित्रात घर काढताना वरून दिसणारं घर कधी काढतं का? यातल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीवरून लगेच ‘आमचा इंजिनिअर होणार’ असं जाहीर करू नका. फक्त त्याला हातात देण्याच्या वस्तू वाढवा.

सुतार, गवंडी, सोनार, शिंपी यांच्या घरातल्या मुलांकडे शिक्षकांनी मुद्दाम लक्ष द्यावं, असं मला वाटतं. कापड बेतताना सपाट तुकड्यातून खांदा उभा करणं ही साधी गोष्ट नव्हे. गुण्या, ओळंबा आणि पाणी भरलेला लेव्हलचा पाइप ज्यानं लहानपणी हाताळला आहे, त्याला काटकोन, लंब आणि समतल यांच्या व्याख्या नंतर येतात, अर्थ आधीच आलेला असतो. त्याला तो अर्थ वर्गात वापरायची संधी द्या.

ही क्षमता जन्मजात, आहे त्याला आहे, असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. डेव्हिड उत्ताल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरावानं ही क्षमता वाढते, वाढलेली टिकते, आणि न शिकवलेल्या कामांतही दिसते, असं त्यांना आढळलं. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून इंजिनिअरिंगच्या ज्या नवख्या विद्यार्थ्यांना वस्तू मनात फिरवणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी छोटा अभ्यासक्रम चालवला. त्यात मुलींचं प्रमाण जास्त होतं. हातात ठोकळे आणि पेन्सिलीनं रेखाटन, एवढाच त्याचा गाभा. तो अभ्यासक्रम केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये अधिक टिकल्या. आपल्याकडे मुलगा स्कूटर खोलतो तेव्हा कौतुक होतं आणि मुलगी ठिपक्यांची रांगोळी काढते तेव्हा ती ‘आवड’ ठरते. त्या रांगोळीत अक्ष, परावर्तन आणि परिवलन तिन्ही असतात. तिला पुढचा प्रश्न विचारा: हीच रांगोळी ९० अंशांत फिरवली तर तशीच दिसेल का? ६० अंशांत? तशी दिसावी म्हणून ठिपके कसे मांडावे लागतील?

आता करायचं काय, ते. कोणतीही कृती असो, क्रम एकच ठेवा: आधी अंदाज, तोही चित्र काढून, मग प्रत्यक्ष, मग पुन्हा चित्र. अंदाजाशिवाय केलेली कृती ही करमणूक असते. म्हणूनच मोबाइलवरच्या फिरत्या त्रिमितीय चित्रफितींवर माझा फारसा विश्वास नाही. तिथं फिरवण्याचं काम पडदा करतो आणि मूल बघत बसतं. चित्रफीत दाखवायचीच असेल तर मध्येच थांबवा आणि ‘पुढे काय दिसेल, काढ’ म्हणा.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. केळं आडवं कापलं तर आत किती भाग दिसतील? भेंडी कापली तर कडेला किती कोपरे? भरिताचं वांगं उभं, आडवं आणि तिरकं कापलं तर बियांची नक्षी तिन्ही वेळा कशी दिसेल? गाजर तिरकं कापल्यावर गोल का दिसत नाही? घड कापून झालेलं केळीचं खोड बागेत पडलेलं असतं. ते आडवं कापून बघितल्यावर ज्याला आपण खोड म्हणतो ते एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या तळांचं बनलेलं आहे, हे जळगावच्या मुलानं पुस्तकात वाचायची गरज नाही. ज्यानं हे छेद काढले आहेत, त्याला आठवी-नववीत वनस्पतीच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची आकृती परकी वाटत नाही.

अर्धी भरलेली पाण्याची बाटली तिरकी धरली तर पाण्याची रेघ कशी दिसेल, हे आधी कागदावर काढायला सांगा. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या अभ्यासातला हा जुना प्रश्न आहे. घरातल्या मोठ्यांनीही तो सोडवावा, गंमत येते.

काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून आकार जोडायची पद्धत अरविंद गुप्ता यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात विकसित केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती देशभर गेली. त्रिकोण हलत नाही, चौकोन डुलतो. चार त्रिकोणांचा पिरॅमिड घट्ट उभा राहतो, घन मात्र कोसळतो. घन घट्ट करायला कमीत कमी किती जादा काड्या लागतील? हुशार मुलाला हा प्रश्न द्या आणि शांत बसा. दुसरा प्रश्न: सहा चौकोन कडेला कडा जोडून कागदावर असे मांडायचे की घडी घातल्यावर घन व्हावा. अशा वेगवेगळ्या मांडण्या नेमक्या ११ आहेत. हा आकडा आधी सांगू नका. सगळ्या सापडल्या असं मुलाला वाटेल तेव्हा ‘आणखी नाहीत हे कशावरून?’ असं विचारा. बुद्धिमत्ता चाचणीतल्या फाशांच्या प्रश्नांसाठी यापेक्षा वेगळी तयारी लागत नाही. आरशातल्या घड्याळासाठी खरं घड्याळ आणि खरा आरसा. रंगवलेल्या घनासाठी कपडे धुण्याच्या साबणाचा घन करून बाहेरून रंगवा आणि २७ तुकडे करा. तीन बाजू रंगलेले आठच का, आणि बिनरंगी एकच का, हे हातात आल्यावर सूत्र मूल स्वतः लिहितं.

आता थोडं मागे जाऊ, कारण जळगाव जिल्ह्याशी या विषयाच्या एका मोठ्या माणसाचं नातं आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीचं नाव भास्कराचार्यांशी जोडलेलं आहे. त्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ काढला आणि त्याला इ.स. १२०७ मध्ये दान मिळालं, हे तिथल्या शिलालेखावरून कळतं. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी ३६व्या वर्षी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायावर त्यांनी स्वतःच भाष्य केलं. गोलाच्या पृष्ठफळाचा आधीच्या लल्लाचार्यांचा नियम चुकला आहे, हे दाखवताना ते वाचकाला आधी मातीचा किंवा लाकडाचा गोल करून त्यावर वर्तुळं काढायला सांगतात आणि मग हिशोब मांडतात. बाराव्या शतकातला हा गणिती आकडेमोडीआधी हातात वस्तू देतो, हे आपल्या शिकवण्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे.

घरी हे मोसंबीवर करता येतं. मोसंबी मधोमध कापून तिची कड कागदावर टेकवून वर्तुळ काढा, तशी पाच-सहा काढून ठेवा. आता सालीचे बारीक तुकडे करून वर्तुळं भरत जा. किती भरतील, याचा अंदाज आधी लिहायचा. मोसंबी बऱ्यापैकी गोल असेल तर चार भरतात. गोलाचं पृष्ठफळ म्हणजे त्याच त्रिज्येच्या चार वर्तुळांचं क्षेत्रफळ, हे पाठ्यपुस्तकातल्या सूत्राच्या किती तरी आधी सहावीतल्या मुलाच्या हाताला कळलेलं असतं.

भास्कराचार्यांच्या परंपरेतलं दुसरं साधन म्हणजे बारा अंगुळांची उभी काठी, शंकू. वर्षभर करायचा एकच प्रकल्प निवडायचा असेल तर हा निवडा. बारा सेंटिमीटरची काडी सपाट पाटावर लंब उभी करा, गच्चीवर ठेवा, आणि दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली ती खरी मध्यान्ह, आणि ती रेघ उत्तर-दक्षिण. पहिलं कोडं इथेच उभं राहतं: ही वेळ बाराला का येत नाही, साडेबाराच्या आगेमागे का येते? भारताची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत, जळगाव ७५.५ अंशांच्या जवळ आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. हिशोब मुलानं करायचा. मग धुळ्यातल्या मावसभावाला फोन करून विचारायचं, तुझ्याकडे किती मिनिटं उशिरा?

जळगाव आणि धुळे दोन्ही २१ अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत. म्हणून २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमाराला मध्यान्हीची सावली साधारण ४.६ सेंटिमीटर येते. २२ डिसेंबरला ती जवळपास काडीइतकीच, पावणेबारा सेंटिमीटर. २५ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, अगदी अर्ध्या सेंटिमीटरची का होईना. ‘आपल्याकडे सावली नेहमी उत्तरेला’ असं ठामपणे सांगणाऱ्या मुलाला ढगांतून मिळेल त्या उन्हात ही दक्षिणेची सावली दाखवा आणि पृथ्वीचं चित्र काढायला सांगा. कललेला अक्ष, २१ अंशांवर उभा असलेला तो स्वतः आणि सूर्याचे किरण. हे चित्र स्वतः काढता आलं की ऋतूंचा धडा संपला. रात्री त्याच गच्चीवर हात लांब करून मूठ क्षितिजावर धरा. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. ध्रुवतारा दोन मुठींवर सापडतो, आणि ते दोनच का, याचं उत्तर त्याच चित्रात आहे.

चंद्रासाठी दिनदर्शिका पुरे. एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. संकष्टीला घरात सगळे चंद्रोदयाची वाट बघत असतात. तेव्हा विचारा: पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, मग चतुर्थीचा रात्री नऊच्या सुमाराला का? अंधाऱ्या खोलीत एक दिवा, हात लांब करून धरलेला चेंडू, आणि मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. जागेवर गोल फिरत चेंडूवरचा उजेड बघायचा. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा बऱ्याच पदवीधरांचाही असलेला समज तिथं गळून पडतो.

हातांचं आणि अंगाचं हे काम पोरखेळ समजू नका. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी, ग्रामीण आणि शहरी वस्त्यांमधल्या शाळांत खगोलशास्त्र शिकवण्यावर काम केलं. हातात धरायचं प्रारूप आणि कागदावरची आकृती यांच्यामध्ये मुद्दाम योजलेले हातवारे पुलाचं काम करतात, असं त्यांनी मांडलं. तेव्हा मूल उत्तर देताना हात हलवत असेल तर ‘हात खाली, नीट सांग’ असं म्हणू नका. आधी हातानं सांगू द्या, अहिराणीत सांगू द्या, मग आकृती, आणि शेवटी पुस्तकातलं वाक्य.

नकाशाचं काम गावात करायचं. धुळ्याची नवी वस्ती कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं १८१९ मध्ये सरळ रस्त्यांनी आखली, म्हणून तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत. पाचवीतल्या मुलाला घर ते शाळा असा नकाशा आठवणीनं काढू द्या, मग तो घेऊन चालू द्या. पुढची पायरी, तोच नकाशा शाळेकडून घराकडे येणाऱ्याच्या नजरेनं. जळगावात स्टेशन ते टॉवर चौक हा टप्पा घ्या. मोबाइलचा नकाशा आधी नको, शेवटी तपासायला चालेल.

पांझरा नदीच्या खोऱ्यातल्या फड सिंचन पद्धतीकडे सहल न्या. बंधारा, पाट, चाऱ्या, फड. इंजिन नाही, पंप नाही, फक्त उताराच्या जोरावर पाणी शेतात पोचतं. काही शतकांमागे हा उतार लोकांनी कसा काढला असेल? पाणी भरलेला गवंड्याचा पाइप घेऊन वर्गानं शाळेच्या आवारातच एक पाट आखून बघावा. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांच्या पहिल्या कामांपैकी एक याच पांझरेवर होतं. प्रवाह ओलांडून पाणी नेणारा नळाचा सायफन त्यांनी बांधला. नदीच्या तळाखाली गेलेलं पाणी पलीकडे आपोआप वर कसं चढतं, याचा छेद आठवीतल्या मुलांनी काढावा. पलीकडचं टोक किती उंच ठेवलं तर पाणी थांबेल, याचा अंदाज आधी, पाइप नंतर.

शाळेला जमणार असेल तर आठवड्यात एक तास या कामाला द्या. तासिका वाढवायला नको, विज्ञानाची एक घ्या. प्रत्येक मुलाची बिनरेघी वही ठेवा, पानावर तारीख, डावीकडे अंदाज, उजवीकडे प्रत्यक्ष. खाडाखोड पुसू देऊ नका. सहा महिन्यांनी या वहीवरून मुलाची जी ओळख पटते, ती टक्केवारीतून पटत नाही. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत लेखी पेपरानंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो. ज्यांच्याकडे अशी वही आहे त्यांना प्रकल्प ऐन वेळी विकत आणावा लागणार नाही. (तोही विकत मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे.)

आणि नववीतल्या खरोखर तयारीच्या मुलांसाठी एक अवघड काम. धुळ्याहून साक्रीकडे जाताना काळ्या दगडाच्या लांबच लांब, सरळ रेषेत धावणाऱ्या टेकड्यांच्या ओळी दिसतात. धुळे-नंदुरबार भागात अशा ओळी शेकड्यानं आहेत, बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम. दख्खनचा बेसाल्ट साचला त्या काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जमिनीतल्या उभ्या भेगांतून लाव्हा वर चढला आणि भेगांतच गोठला. आजूबाजूचा खडक झिजत गेला, हा टणक दगड भिंतीसारखा उरला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. आपल्याला जमिनीवर फक्त त्याची वरची कड दिसते. खाली ती भिंत किती खोल, सरळ की कललेली, ओढ्यानं कापलेल्या जागी तिची जाडी किती, हे मुलांनी मोजून आणि काढून बघायचं. अशी भिंत जमिनीखालचं पाणी अडवू शकते, आणि मग एका बाजूच्या विहिरीला पाणी लागतं, दुसऱ्या बाजूला हातभर अंतरावर लागत नाही, असंही घडतं. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांकडून विहिरींची खोली आणि चैत्रातली पाण्याची पातळी विचारून घ्या, टेकडीला आडवा जाणारा जमिनीचा छेद प्रमाणात काढा, विहिरी त्यात बसवा. वर्गात दोघांचे छेद जुळणार नाहीत. कुणाचा बरोबर, हे शिक्षकानं सांगू नये. तिसरी विहीर कुठे बघायला जायचं, एवढं त्यांना ठरवू द्यावं.